धुरा नव्हे, धूर

चि. ऋतुजास अप्पाचा आशीर्वाद. तिथल्या बर्फात जपून असशील असं धरून चालतो. (फोनवर तुझा आवाज तुटतो अन् मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवून राहिलो.) गाय बरी हाय, गुडघा न्हाई. तुझी आई जाऊन चार महिने झाले. तेव्हा तुला विमान मिळालं नाही अन् मी बोलून गेलो, आता कशाला येतीस. रागानं न्हाई बोललो पोरी, रडू येत होतं म्हणून बोललो. तू ते मनाला लावून घेतलंस.

तू सांगितलंस, ध्रुवावर धूर मोजतीस. मला ऐकू आलं धुरा. मी पारावर सांगून टाकलं की लेक बर्फात शेताचे धुरे, बांध मोजती. झालं! दुसऱ्या दिवशी उद्धव अन् त्याचा भाऊ श्रीशैल नकाशा घेऊन दारात. त्यांच्या धुऱ्याचं भांडण नऊ वर्षांचं. (बर्फातला सापडतो तर आमचा काय अवघड, इति उद्धव.) मीही शहाणा, लेक आली की मोजून देईल म्हणालो. तू येणार असं तोंडातून निघालं अन् लई बरं वाटलं.

मग शाळेतल्या मुग्धा मॅडमनी नीट समजावलं. कारखान्यांचा, कोळशाचा, पेटवलेल्या रानांचा धूर थंडीत वाऱ्यासंगं वर ध्रुवाकडं जातो अन् पावसानं धुतला जात नाही म्हणून आठवडेच्या आठवडे तिथं लटकतो. जास्तीचा रशिया-युरोपाकडचा, आपला थोडका. पण थोडका तरी माझाच की! त्याच सकाळी मी कापसाच्या निम्म्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. लाज वाटली. उरलेल्या पऱ्हाट्या उद्धवच्या रानालगतच्या धुऱ्यावर रचल्या, तर त्यात साप निघाला, अन् आता उद्धव म्हणतोय मी त्याच्या रानात हातभर सरकलो. म्हणजे भांडणात आता तिसरा मी.

तब्येतीला जप. कानटोपी घालत जा.

तुझा,
अप्पा (व्यंकट)

ता. क. सगळ्यांना सांगितलंय की नांदेडला जाऊन तुझ्या आईच्या अस्थी गोदावरीत सोडल्या. घाटापर्यंत गेलो होतो. एकट्याच्यानं सोडवल्या न्हाईत, परत घेऊन आलो. गाडगं मळ्यातल्या कडुलिंबाला टांगलंय. कुणाला बोलू नको. सुट्टी किती दिवसांची मिळती, तेवढं कळव.