खिरीची वाटी

रश्मीताई, जय भीम.

लिहिण्यातल्या चुका काढू नको. नववीत शाळा सोडल्यापासून सवय गेली, त्यात मोबाइलवर एकेक अक्षर शोधतेय.

ताथवड्याचा फ्लॅट छान आहे. पाणी दिवसभर असतं, पप्पांच्या कंपनीची बस खालीच येते. पण मला इथं अजिबात आवडत नाही.

बुद्धपौर्णिमेला आईनं माझ्या हाती समोरच्यांकडं खीर पाठवली. मॅडमनी दारातच विचारलं, "आडनाव काय गं तुमचं?" मी सांगितलं. त्यांनी वाटी घेतली, दार लावलं. तासाभरानं मी कचरा टाकायला खाली गेले, तर वॉचमनकाकांनी तीच वाटी माझ्या हातात दिली. "मॅडमना उपास आहे म्हणे." झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि मी खाली येताना मॅडमच्या दारातून कांदाभज्यांचा वास येत होता!

आपल्या जालन्याच्या वस्तीत कुणी वाटी रिकामी तरी परत देतं का? मी जिन्यात बसून सगळी खीर खाल्ली, वाटी धुतली, दुकानातून बिस्किटं आणून तिच्यात भरली. आई ती चहात बुडवत म्हणते, "बघ, उगाच तोंड पाडून बसतेस. माणसं चांगली आहेत."

आता रविवारी ती त्यांना जेवायला बोलवायला जाणार आहे. ताई, तूच आईला फोन करून काहीतरी कारण काढ ना. खरं सांगू नको.

आत्याकडं तुला करमतं का? ओट्यावर संध्याकाळी कोण बसतं आता?

तुझ्याशिवाय गप्प बसलेली,
दीपमाला

धाकट्या सनीचा दात काल पावात अडकून पडला. तुला दाखवायला डबीत ठेवलाय त्यानं.