राखेनं घासलेला मीटर

अहो, ऐकताय न्हवं,

आधी कोण आलं असंल, सांगा बघू? पोराचा मामा! मी अजून अंगणात सडा मारत होते, डोक्यावर पदर न्हाई, आणि हे गृहस्थ फाटकात उभं. "पावणं, इतक्या सकाळी?" म्हणलं, तर म्हणतोय, "मी गडहिंग्लजहून पहिल्या एसटीनं आलो. अक्का आणि पोरगा गाडीनं येत्यात, अंबाबाईला जाऊन." खरं सांगू? घर बघायलाच पुढं पाठवला असणार त्याला! माडीवर काय, परसात काय, मान वाकडी करकरून सगळं बघून आला. चहा मात्र बशीत ओतून ओतून दोनदा प्याला.

तर सांगायचं म्हणजे, आपल्या पल्लवीला बघायला आज पावणं आलते. आत्ताच गेलं. आपला लेक बसू त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलाय, सूनबाई भांडी आवरती, आणि माझ्या पोटात काही राहत न्हाई. पावणं गेलं की तुम्ही खुर्चीत, मी उंबऱ्यावर, असं बसून आपण त्यांच्या गोष्टी करायचो की न्हाई? आता कुणापाशी करू? बसू तर ऐकायच्या आधीच 'आई, गप बस' म्हणतोय. म्हणून पल्लवीचं पेन घेतलं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हसू नका.

तुम्ही गेला तेव्हा नात कॉलेजात होती. आता काय करती, ठाऊक हाय? गाड्या चकाचक करती! राजारामपुरीत गाळा घेतलाय भाड्यानं. लोक गाडी बाहेरनं धुतात, ही आतनं धरती. आतल्या प्लॅस्टिकवर ओरखडं असतात, डाग असतात, ऊन लागून पांढरं पडलेलं असतंय, ते सगळं पुसून घासून पालिश करून देती. बसूनं आधी तोंड फुगवलं. "गूळ विकून शिकवली, ती काय लोकांच्या गाड्या पुसायला?" म्हणाला. आता गिऱ्हाईक दारात उभं राहतंय म्हणून गप बसलाय. पण पावणं येणार म्हणल्यावर पुन्हा उसळला. "पोरगी काय करती विचारलं तर घरातलं बघती म्हणायचं. गाळ्याचं नाव काढायचं न्हाई."

पल्लवी जेवत होती. तसाच घास हातात धरून म्हणाली, "पप्पा, जे घर मला गाळा सोडायला लावंल, त्या घरात मी जाणार न्हाई. लग्न आज मोडा नाहीतर उद्या मोडा." बापलेक दोघंबी तुमच्यासारखीच. एकदा खुंटा ठोकला की संपलं. स्थळ चांगलं होतं हो! आणि पोरगीबी खरंच बोलत होती.

आणि ही विद्या ती शिकली कुठं? तुमच्याच गाडीवर! हसताय काय? ती खंडेनवमी आठवा.

सगळ्यांच्या घरी गाड्या धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. तुमचं समाधान व्हायचं न्हाई. मी परसात समया, तांब्या, घंगाळ राखेनं घासत बसले होते. तुम्ही आला, माझ्यापुढची ओली राख आणि काथ्या उचललासा आणि गेला गाडीत. मी वरडतीय, "अहो, ते पितळ न्हाई!" आणि तुम्ही आतनं म्हणताय, "देवाची समई लखलखती, मग ह्याला काय धाड भरली?" मीटरवरची ती प्लॅस्टिकची काच तुम्ही अशी घासलीसा, अशी घासलीसा, की पूजा होईपर्यंत तिचं ताक झालं! आतला वेगाचा काटा दिसंना. वर हळद-कुंकू लावून नमस्कार केलासा ते वेगळंच.

त्यानंतर किती वर्षं आपण अंदाजानं हिंडलो. "काटा कुठं हाय बघ गं," म्हणायचा. मी म्हणायची, "धुक्यात हाय." लोकांना सांगताना मात्र तुम्ही काय सांगायचा? उन्हानं काच गेली म्हणून! व्हय की न्हाई? एवढी एक चूक कबूल केली असती तर काय मिशी खाली आली असती?

गाळा घ्यायच्या आधी पल्लवीनं त्याच काचेवर हात बसवला. मी शेजारच्या सीटवर बसून बघत होते. आधी साबणाच्या कोमट पाण्यात फडकं पिळून सगळी धूळ काढली. मला म्हणाली, "आजी, धूळ तशीच ठेवून पुसलं की धूळच ओरखडं काढती." मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी अलगद फिरवला. काच आणखीच पांढरी झाली! मी म्हणलं, "झालं, आजोबावर गेली ही." तर म्हणती, "थांब की जरा." मग दाताची पांढरी पेस्ट घेतली आणि तुमच्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं गोल गोल, गोल गोल. पुसायची, बघायची, पुन्हा लावायची. मला बी चोळायला दिली. मी जरा जोर लावला तर हातावर चापट मारली, "आजी, भाकरी थापतीस काय?"

आणि मग काटा दिसला हो! लाल लाल, बारीक, तिथंच बसलेला. मला एकदम तुमच्या नावानं हाक मारावीशी वाटली. तुम्हीच बघायला पाहिजे होता. धोतर तेवढं हजर होतं.

माझ्या बाजूच्या डॅशबोर्डवर बी ओरखडं होते. माझ्या बांगड्यांचे. तुम्ही ट्रकच्या मागं भुंगाट वेगानं सुटायचा आणि मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरायची, ते. पल्लवी म्हणाली, "आजी, हे राहू देऊ? आठवण." मी म्हणलं, "पूस पूस! भ्यालेल्या बाईची कसली आठवण ठेवतीस?" तिनं पालिश केलं, तरी उजेडात जरा दिसतातच. घाबरवलंच होतंसा तसं!

बरं, आता पावण्यांचं ऐका. अक्का आल्या, म्हणजे पोराची आई. कपाळाला विभूती, अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत. पण गाडीतनं उतरल्या त्याच भांडत. "इतक्या जोरात आणत्यात व्हय रे? जीव घशात आला माझा!" पोरगा आईला म्हणतोय, "अव्वा, मीटर दिसत न्हाई तर मला काय कळणार?" मी काठी टेकत पुढं झाले. म्हणलं, "मीटरला काय झालं?" पोरगा बिचारा हळूच म्हणाला, "अव्वानं खंडेनवमीला राखेनं घासला."

अहो, मला जे हसू फुटलं! भिंतीला धरलं म्हणून पडले न्हाई. बसू डोळं वटारतोय, सूनबाई पदर ओढती, पण मला थांबवंच ना. अक्का आधी फुगल्या. मग मी तुमची गोष्ट सांगितली, ताकासकट. त्या बी असं हसायला लागल्या की मामाच्या हातातली बशी हिंदकळली. "अगं बाई, पितळासारखं लखलखंल असं वाटलं होतं बघा!" म्हणाल्या. मी म्हणलं, "आमच्या ह्यांनाबी तसंच वाटलं होतं."

तेवढ्यात पल्लवी पोहे घेऊन आली. हिरवं लुगडं, खाली मान. अक्कांनी जवळ बसवलं आणि हात हातात घेतला. नखांच्या कडंला पांढरं अडकलेलं. "हे काय गं?"

बसू झटकन म्हणाला, "रांगोळी काढत होती."

मी डोळे मिटले. आता गेलं म्हणलं हे स्थळ.

पल्लवी म्हणाली, "रांगोळी न्हाई अक्का. दाताची पेस्ट हाय."

"दात हातानं घासतीस?" मामा म्हणाला.

"न्हाई मामा. गाडीचं प्लॅस्टिक घासती. राजारामपुरीत माझा गाळा हाय. लग्नानंतर बी मी हे काम करणार. पटत असंल तर पुढं बोलू."

एवढं सगळं एका दमात! बसूचा चेहरा असा झाला, जणू गुळाच्या ढेपंला पाणी लागलंय. पोरगा आईकडं बघतोय, आई पोरीकडं. मामानं पोह्यातलं खोबरं वेचायला घेतलं.

मग अक्का उठल्या. "चल," म्हणाल्या, "माझा मीटर करून दाखव."

पल्लवीनं पदर खोचला की थेट गाडीत! आम्ही सगळी बाहेर उभी, गल्लीतल्या बायका गच्चीवर. पोरगं पाण्याचा तांब्या धरून तिच्या शेजारी बसलं, आणि ती सांगंल तसं फडकं पिळत होतं. मला ते फार आवडलं. तुम्ही कधी माझ्यासाठी एक फडकं पिळलंसा काय हो?

घरात पेस्ट थोडीच होती. अर्धी काच उजळली आणि संपली. चाळीसच्या वरचं लख्ख दिसायला लागलं, खालचं तसंच ताक. पोरगा म्हणाला, "मग आता चाळीसच्या वरच चालवतो." अक्कांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि बसूला म्हणाल्या, "पावणं, लपवायला कशाला पाहिजे होतं? आमच्या गडहिंग्लजात गाड्या न्हाईत व्हय? पण मी अशी तोंडावर हो म्हणणारी न्हाई. उरलेली अर्धी काच तिच्या गाळ्यावर करून घेणार. ती गिऱ्हाइकाशी कशी बोलती, काम कसं करती, ते माझ्या डोळ्यांनी बघणार. मग माझं उत्तर."

बसूनं मान हलवली. पल्लवीनं वाकून नमस्कार केला. उठताना पोराकडं बघून जरा हसली बी. मी बघितलं, तुमची शपथ!

तर आता तुम्हाला शब्द देते. त्या दिवशी मी गाळ्यावर स्टूल टाकून बसणार. बसूला मध्ये एक अक्षर बोलू देणार न्हाई. आणि अक्कांचं उत्तर उलटं आलं, तर पोरीचा हात धरून घरी आणीन, पण गाळ्याला कुलूप लागू देणार न्हाई. तुम्ही असता तर हेच केलं असतंसा, फक्त जास्त आरडाओरडा करून.

अक्का बुधवारी येते म्हणून गेल्यात.

तुमचीच,
सुशीला