पहिल्या रांगेतले तात्या

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ मे १९५६

प्रिय लीला,

अनेक आशीर्वाद.

गारगोटीच्या बाजारात कुणी तुला गाठून सांगितलं असेल की तुझ्या तात्यांचं डोकं फिरलंय, बायकांच्या वर्गात जाऊन बसतात, बाहुलीला आंघोळ घालतात. त्यातलं डोकं फिरल्याचं तेवढं सोडून दे, बाकी सगळं खरं आहे. तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक. शाळेला सुट्टी लागली आहे, ग्राउंडावर चिटपाखरू नाही, तेव्हा ड्रिलमास्तराला मोठं पत्र लिहायला निवांतपणा आहे.

सुरुवात झाली ती लाडवांपासून. शिवरात्रीला मी तुझ्याकडं येऊन गेलो ना, त्याच आठवड्यात पेठेतल्या महिला मंडळाच्या दारावर पाटी दिसली, 'पौष्टिक पदार्थांचा वर्ग'. तुझी आई गेल्यापासून मी खानावळीत जेवतोय. चहापलीकडं मला काही येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तरी आत गेलो आणि खारीक-खोबऱ्याचे लाडू शिकवाल का म्हणून विचारलं. शिकवणाऱ्या बाई भल्या. त्यांना वाटलं, एकटा माणूस आहे, पोटासाठी आला असेल. पहिल्या खेपेला गुळाचा पाक पुढं गेला. लाडू तालमीत नेले, तर हंबीररावानं एक दाताखाली धरला, परत काढला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो फोडाय पैलवान लावा." हंबीरराव माझा कुस्तीतला जुना जोडीदार, त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. दुसऱ्या खेपेला पाक कच्चा राहिला आणि लाडू ताटात बसले ते उठेचनात. तिसरे साधले. गेल्या महिन्यात जावईबापूंबरोबर डबा दिला होता, त्यावर तू निरोप धाडलास की हंबीरकाकांच्या सुनेनं लाडू छान केलेत. तिनं नव्हते केले, बाळ. ते माझे होते.

मग शिवणवर्ग. तिथं माझं जमलं नाही. पाय सायकलीचा, त्यामुळं मशिनीला मिळाला असा वेग की सुईच मोडली. दुसऱ्या दिवशी दुसरी मोडली. मास्तरीणबाई हात जोडून म्हणाल्या, हातशिलाई करा. म्हणून हातशिलाईनं एक झबलं केलं. त्याचा गळा एवढासा झाला की त्यातून माझी मूठसुद्धा जाईना. पण दुसरं बरं झालंय, आणि तिसऱ्याला तर मी काजही केलेत.

मंडळाच्या त्याच हॉलात होळीनंतर आणखी एक पाटी लागली. 'बालसंगोपन वर्ग. पालकांनी लाभ घ्यावा.' वर्ग घेणार होत्या सरोजिनीबाई. पुण्यात नर्सिंग शिकून आलेल्या, बोलणं हळू, पण शब्द असा की पुन्हा विचारायची सोय नाही. नाव द्यायला गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्या खाकी चड्डीकडं आणि गळ्यातल्या शिट्टीकडं पाहिलं.

"सुनेचं नाव घालायचं आहे का?"

"न्हाय, माझं."

"हा वर्ग बायकांचा आहे, मास्तर."

"पाटीवर पालक लिवलंय की, बाई. मी पालक हाय."

त्या उठून पाटीपर्यंत गेल्या, वाचून परत आल्या आणि म्हणाल्या, "बसा. पण पहिल्या रांगेत बसायचं. मागं बसलात तर बायकांना सारखी तुमची नजर वाटेल. पुढं बसलात तर त्यांना फक्त तुमची पाठ दिसेल." मला हे पटलं. पाठ माझी आखाड्यात कुणी पाहिली नव्हती, ती आता अख्ख्या महिला मंडळानं पाहिली.

तरी आठवडाभरात वर्ग निम्मा रिकामा झाला. कुणाचा नवरा नको म्हणाला, कुणाची सासू. तालमीत पोरं मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारायची, "मास्तरांचा पाळणा कवा हाय?" ते मी ऐकून घेतलं. पण माझ्यापायी पोटुशी बायका घरी बसाव्यात हे काही बरं नव्हे. एक दिवस उठून उभा राहिलो आणि सरोजिनीबाईंना म्हणालो, मी येणं बंद करतो. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आवाज आला, "मास्तर, खाली बसा!" शाळेत असा हुकूम मी सोडतो, मला कुणी सोडत नाही. मुकाट बसलो.

त्या झुंबरबाई. आपल्या मागच्या गल्लीतल्या, नातसुनेबरोबर वर्गाला यायच्या. यायच्या त्या शिकायला नव्हे, सरोजिनीबाई सांगतील ते खोडून काढायला. बाळाच्या कानात तेल घालू नका म्हटलं की "आमी काय बहिरं झालो व्हय?" आणि काजळ नको म्हटलं की "मग दिष्ट कोण काढणार, तुमी?" त्याच बाई त्या दिवशी उभ्या राहून बायकांना म्हणाल्या, "बाळंतपणाला बाप्या डाक्टर चालतुया, मग ह्यो का चालत न्हाय गं? माझ्या मालकानं ह्यातली एक गोष्ट शिकली असती, तर मी अशी वाळून गेलो नसतो." एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. दुपारी नातसुनेला घेऊन घरोघर फिरल्या आणि गळालेल्या बायका परत घेऊन आल्या. तेव्हापासून मला कुणी परका मानलं नाही. फक्त चुकलो की सगळ्या जणी एकदम हसायच्या.

आणि चुकायचो खूप. वाळू भरलेली कापडी बाहुली पहिल्यांदा हातात दिली तेव्हा ती मी अशी धरली की तिची मान माझ्या काखेत गेली. "मास्तर, हे डंबेल्स नाहीत," सरोजिनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी शिकवलं. डावा हात मानेखाली, बोटं खांद्याला, पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं, कारण हाताच्या तळव्याला घट्टे असतात आणि त्याला खरं ऊन कळत नाही. माझ्या तळव्याला तर मुळीच कळत नाही. ते सगळं जमलं. आवाज मात्र जमेना. मी काही विचारलं की वर्गातलं एखादं तान्हं दचकून रडायला लागायचं. बाईंनी सांगितलं, आठ दिवस सगळीकडं निम्म्या आवाजात बोला. बोललो. शाळेत 'दाहिने मुड' म्हणालो तर पोरं नुसती माझ्या तोंडाकडं बघत उभी. हेडमास्तरांनी घसा बसला म्हणून काढा पाठवला.

त्या दिवसांत मला तुझ्या लहानपणाची फार आठवण व्हायची. तुझी आई पाय लांब करून न्हाणीत बसायची, पायांवर तू, आणि ती काहीतरी गुणगुणत तुझ्या अंगावरून पाणी सोडायची. मी बाहेर बुटाचे बंद बांधत ते ऐकायचो. आत डोकावायची पद्धत नव्हती, आणि वडीलमाणसांसमोर बापानं लेकरू घेणंही बरं दिसत नसे. मी तुला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तू चांगली बसायला लागली होतीस आणि घेतल्या घेतल्या माझी मिशी ओढलीस. तिचं ते गाणं मी आता कितीही आठवलं तरी येत नाही. चाल येते, शब्द येत नाहीत.

मग खऱ्या बाळाचा दिवस आला. झुंबरबाईंची नातसून मधल्या काळात बाळंत झाली होती. ती पंधरा-वीस दिवसांचं पोर घेऊन आली आणि माझ्याकडंच बघत म्हणाली, "मास्तरांस्नी द्या." मी पोर घेतलं, आणि त्यानं जो टाहो फोडला तो गंगावेशीपर्यंत गेला असेल. अंगाई येत नाही, गाणं येत नाही, काय करणार? तोंडाला जे वळण आहे तेच आलं. अगदी खालच्या आवाजात, डोलत डोलत, ड्रिलचे आकडे म्हणायला लागलो. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. पोर थांबलं. माझ्या हनुवटीकडं टक लावून बघत राहिलं. मी त्याला पाण्यात उतरवलं, न्हाऊ घातलं, पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि तोवर ते झोपलेलं होतं. कुणीच हसलं नाही. झुंबरबाई तेवढ्या म्हणाल्या, "आकडं म्हणून का हुईना, निजलं की."

आता तुझ्या सासूबाईंची गोष्ट. चैत्राच्या यात्रेला जोतिबाला जाताना अंबूबाई आणि त्यांचे दीर आपल्याकडं उतरले होते, हे तुला ठाऊक आहे. पण इथं काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं नसेल. सांगणार नाही असं त्याच म्हणाल्या होत्या. आल्या दिवशी चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "व्याही, लीलाचं बाळतपण आमी गारगोटीलाच करतो. तिच्या आईच्या जागी मी हाय. तुमी घोर करू नगासा." चांगल्या मनानंच म्हणाल्या. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. जोतिबाहून गुलाल माखून परत आल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांना म्हटलं, गारगोटीची गाडी दुपारची आहे, तोवर जरा माझ्याबरोबर चला.

त्या हॉलात आल्या आणि दाराजवळ बसल्या. मी आपला पहिल्या रांगेत. सरोजिनीबाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, आज तुम्ही." झुंबरबाईंचं पणतवंड पुन्हा माझ्या हातात आलं. तेल लावलं, पाणी बघितलं, न्हाऊ घातलं. एकदा त्यानं पाय झाडला आणि हातातून निसटतंय असं वाटलं, पण मान सोडली नाही. अंबूबाईंनी मधेच मोठ्यानं विचारलं, "आन धुरी?" सरोजिनीबाई म्हणाल्या, धुरानं तान्ह्याची छाती भरते. मग दोघींची बरीच जुंपली. त्यात झुंबरबाईंनी या खेपेला सरोजिनीबाईंची बाजू घेतली, तेव्हा सगळा वर्ग थक्क झाला.

परत येताना अंबूबाई झपझप पुढं चालल्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाल्या, "पाण्यातला हात बरा हाय तुमचा. पर बाळतिणीच्या अंगाला त्याल कोण लावणार? ते तुमच्यानं व्हायचं न्हाय." मी म्हटलं, झुंबरबाई लावणार, शेकशेगडी त्यांच्याकडं, बाळाचं माझ्याकडं. दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि सरोजिनीबाईंची तिथं ओळख आहे. मग त्या म्हणाल्या, "माझी आडकाठी न्हाय. पर गारगोटीलाच ऱ्हातो म्हणून पोरगीच म्हणालीया. तिला इचारा. आन माझं नाव पुढं करून तिला भरीला घालू नगासा. ती म्हणंल तसं."

म्हणून हे पत्र, लीला. शिवरात्रीला मला एस.टी.वर बसवायला तू स्टँडवर आली होतीस. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणालीस, "तात्या, बाळंतपण इथंच करायचं ठरवलंय. आई असती तर आले असते. आता तिथं कोण आहे?" आणि गाडी हलली, मला काही बोलता आलं नाही. बोललो असतो तर काय बोललो असतो? तुझं म्हणणं तेव्हा खरंच होतं. तिथं होता तो चहापलीकडं काही न येणारा माणूस. आता तसं नाही. तुझ्या आईसारखं मला येत नाही आणि येणारही नाही, पण जे बाळाला लागतं ते मला येतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. येणार असशील तर ज्येष्ठात, नद्यांना पाणी चढायच्या आत, न्यायला येतो. मनापासून तिथंच राहावंसं वाटत असेल तर तसं मोकळेपणानं लिही, मला वाईट वाटणार नाही. मग श्रावणात मीच रजा टाकून गारगोटीला येईन. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये म्हणतात, पण अंबूबाई म्हणाल्या, "या की, पाणी तापवाय माणूस लागंलच." तेव्हा दोन्हींतलं जे तुझ्या मनात असेल ते कळव. फक्त, आई नाही म्हणून येत नाही, असं लिहू नकोस. ते उत्तर मी घेणार नाही.

तुझाच,
तात्या