तीन कानांची फाईल

सोमवार, ५ तारीख

विसरलीस ना? वहीच्या पानबाई, कोरं राहण्याशिवाय तुला येतं तरी काय! गेल्या आठवड्यात सांगितलं होतं — माझ्या म्हाताऱ्याच्या मेंदूला झटका आला. हातपाय शाबूत, वाचा गेली. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते, नात लिहिते. मध्ये स्वतःचं काही घुसडलं तर वेणी ओढीन!

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, आजोबांचा जुना आवाज आणा. चिडलेला असेल तर उत्तम."

चिडलेला? पोतंभर आहे!

मंगळवार

आमच्या घरात सगळ्यांचा मिळून एक ड्राइव्ह. कुठल्याही खोलीतल्या संगणकावरून उघडतो. त्यात माझाही एक कप्पा. मला वाचता येत नाही, म्हणून सुनेनं फाईलींना नावांऐवजी खुणा दिल्यात. चांदणी म्हणजे माझं गाणं; पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा वाढत जातात. कान म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज — ते शिकलेले लोक त्याला प्रश्नचिन्ह म्हणतात, मला तर कानच दिसतो. तीन कान म्हणजे तो नळवाल्यावर ओरडला ते: "नळ दुरुस्त केलास की कारंजं बसवलंस रे?"

ऐकून आजही हसले. हल्ली हसून झालं की नाक पुसावं लागतं.

बुधवार

मुलानं माझा अख्खा कप्पाच, गाण्यांसकट, पाठवायला घेतला, तर इस्पितळाच्या ड्राइव्हवर एकही फाईल चढेना! तिथला संगणकवाला म्हणे, "नावात प्रश्नचिन्ह, चांदणी चालत नाही, आजी."

माझा नवरा मुका बसलाय आणि ह्याला नाव खुपतंय!

सून म्हणाली, "आई, माझ्या संगणकाला चालतं. त्यांच्याला नाही."

मी ठणकावलं — माझ्या खुणा पुसायच्या नाहीत. मग मी म्हाताऱ्याला शोधू कशी?

मुलगा म्हणाला, "घरच्या तशाच ठेवतो गं. तिकडे पाठवायच्या तेवढ्याच बदलतो."

गुरुवार

पाठवल्या. मुलानं एका दमात सगळ्या खुणांच्या जागी आडव्या रेघा ठोकल्या. संगणक मध्येमध्ये काहीतरी विचारत होता, हा न वाचताच 'हो' दाबत होता. अगदी बापावर गेलाय!

शुक्रवार, सकाळ

घात झाला! नात किंचाळली, "बाबा, तीन कानांच्या तीन रेघा आणि तीन चांदण्यांच्याही तीनच रेघा! 'ह्या नावाची फाईल आहे, ती काढून ही ठेवू का' असं विचारत होता तो!"

आणि हा — हो, हो, हो. तिकडे म्हाताऱ्याचा आवाज पुसला गेला, उरली फक्त माझी गाणी. घरी सगळं आहे, पण बाई आज सकाळीच ऐकवणार होत्या. फोन उचलत नाहीत. मुलगा चपला शोधत फिरतोय.

म्हातारा पुन्हा कधी बोललाच नाही तर?

हे लिही गं. खोडू नकोस.

शुक्रवार, संध्याकाळ

उशीर झालाच. बाईंनी माझं गाणं लावून टाकलं होतं — पूर्ण! म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं आणि खणखणीत म्हणाला, "बेसूर!"

बाई रडल्या, मुलगा रडला, मी — ते लिहू नकोस.

सुनेला सांग, उद्या डब्यात त्याला उकडलेला भोपळा पाठव. बिनमिठाचा. बघू दे, अजून काय काय बोलतो!