माझे पुढचे दोन दात आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, ताडपत्रीच्या दुकानाची मालकीण, वय दाखल्यावर आहे ते आणि खरं त्याहून थोडं जास्त, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कुणी दटावलेलं नसताना आणि कुणी गोड बोलून भुलवलेलं नसताना (प्रयत्न झाले), हे माझ्या हाताने लिहून ठेवते. शाळा चौथीत सुटली. अक्षर वाकडं आहे, पण टाका सरळ आहे, हे गिऱ्हाइकं सांगतील. वकीलबाईंनी कायद्याची वाक्यं वेगळ्या कागदावर दिली आहेत, ती मी मधूनमधून घालते आहे. ती कुठली हे लगेच कळेल, कारण ती मलाही कळत नाहीत.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केलेले आढळल्यास ते रद्द समजावे, आणि ते कुणी केलं याचा शोध घ्यावा.

कलम १. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि माळा ही माझी स्वकष्टार्जित व निर्वेध मालमत्ता माझ्या पश्चात थोरल्या मुलाची. धंदा तोच चालवतो. अट एकच, माळ्यावरची गळती काढावी. गावभर ताडपत्र्या शिवून देणाऱ्यांच्या घरात बादली मांडावी लागते. मी सांगितलं की "पुढच्या आठवड्यात" म्हणतो. त्याला मिसरूड फुटत होतं तेव्हाही हाच आठवडा पुढे होता.

कलम २. बँकेत जे काही असेल ते धाकट्या लेकीचं. ती लांब राहते. फोनवर "आई, गोळ्या घेतल्यास का?" विचारते आणि मी उत्तर द्यायच्या आत दुसरंच सुरू करते. तरी दर रविवारी विचारते, हे मान्य.

कलम ३. पायाचं मोठं मशीन सुनेला. ताडपत्रीची दुहेरी पट्टी ती माझ्याहून चांगली मारते. हे मी जिवंतपणी बोलणार नाही, म्हणून इथे लिहिते. तिला माझ्याबद्दल काय वाटतं ते मला माहीत आहे. मला माझ्या सासूबद्दल तेच वाटायचं, तरी सासू गेली ती तिच्या वेळेलाच.

कलम ४. माझी कात्री माझ्या थोरल्या जाऊबाईंना.

याला कारण द्यावं लागेल. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात धड कात्री एकच होती, आणि ती जाऊबाईंच्या कमरेला नाडीने बांधलेली असायची. मागितली की म्हणायच्या, "हातातलं होऊ दे, मग देते." त्यांच्या हातातलं काही कधी झालं नाही. मग मी दोरा दातांनी तोडायला लागले. मेण लावलेला जाड दोरा असतो आमच्यात. दाभण आरपार ओढायचं, दोरा पुढच्या दातांत धरून ताणायचा, टाका बसला की झटका द्यायचा. पुढे मी स्वतःची कात्री घेतली, पण तोपर्यंत सवय हाडीमासी भिनली होती. कात्री मांडीवर आणि दोरा तोंडात.

जाऊबाई अजून ठणठणीत आहेत. वरच्या मजल्यावर असतात आणि मी मृत्युपत्र करते आहे हे कळल्यापासून दिवसातून दोनदा तब्येत विचारायला येतात. त्यांना कात्री मिळावी, आणि हातातलं झालं असेल तर त्यांनी ती वापरावी. त्या माझ्या आधी गेल्या तर कात्री सुनेला द्यावी आणि मी जिंकले असे समजावे.

कलम ५. इथवर जांभया देणाऱ्यांनी आता जागं व्हावं. हे कलम दातांचं आहे.

माझी नात, म्हणजे थोरल्याची मुलगी, शिकते. खूप वर्षं शिकते. काय शिकतेस असं विचारलं तर एकदा नीट बसून सांगितलं तिने.

"आजी, माणूस असा का वागतो, का भांडतो, का वाटून खातो, याचं मूळ शोधणारे लोक एकीकडे. आणि जमीन उकरून फार जुनी हाडं नि दगडी हत्यारं काढणारे दुसरीकडे. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत. मी मधे बसते."

"म्हणजे लग्न जुळवतेस."

"तसंच समज."

"मग दोन्हीकडच्या शिव्या खात असशील."

"पोटभर!"

तिचं म्हणणं असं, की माणसाच्या वागण्यावर गोष्ट रचायला काही लागत नाही, कुणीही रचेल. पुरावा मातीतून आला पाहिजे. पण मातीतला पुरावा मुका. म्हणून दोघांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही. हे मला पटलं. संसार असाच चालतो.

माणसाच्या म्हाताऱ्या इतक्या का जगतात याचंही उत्तर आहे म्हणे त्यांच्याकडे. बहुतेक जनावरांत पिल्लं होणं थांबलं की मादी फार टिकत नाही. माणसाची आजी मात्र टिकते, कारण ती नातवंडांच्या पोटाला घालते आणि त्यामुळे नातवंडं जगतात, असं काही शहाणे मानतात. मी म्हटलं, तुझ्या शहाण्यांना सांग, मी टिकले ती जाऊबाईंच्या आधी जायचं नाही म्हणून. तिने ते हसत हसत लिहून घेतलं. हिच्यापुढे जपून बोलावं लागतं.

तर हिच्या लोकांना नदीकाठच्या एका कपारीत बाईचा जबडा सापडला. शेती सुरू व्हायच्याही आधीची बाई. तिच्या पुढच्या दोन दातांवर बारीक खाच होती. हिच्या सरांनी त्या खाचेतून अख्खी वस्ती उभी केली. बाया एकत्र बसून कातडी शिवत असणार, दोरा दातांत धरत असणार. एकत्र बसायच्या म्हणजे वाटून खायच्या, वाटून खायच्या म्हणजे एकमेकींची पोरं सांभाळायच्या.

"एकत्र बसायच्या म्हणजे भांडायच्या, हे कसं राहिलं सरांचं?" मी म्हटलं आणि मोठ्याने हसले. तीच चूक झाली. पोरगी माझ्या तोंडात बघायला लागली.

"आजी, आ कर."

"का गं?"

"कर ना!" मोबाईलचा दिवा लावून ती जवळजवळ आतच शिरली. "अगं, तीच खाच!"

"तिची तिच्यापाशी. ही माझी आहे."

मग मी तिला कात्रीची हकिगत सांगितली. म्हटलं, कळव तुझ्या सरांना, एकोपा-बिकोपा काही नाही, जावेने कात्री दिली नाही. वाटलं, आता हिचं तोंड बंद होईल. तर हिचा चेहरा उजळला.

"आजी, हे तर जास्तच चांगलं! हत्यार कुणाच्या कमरेला आणि कुणाच्या नाही, हेही वागणंच की. पण नुसत्या खाचेवरून ते कळत नाही. खाच दोऱ्याने पडली की कशाने, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी जिचं आयुष्य ठाऊक आहे, अशा बाईचे दात त्या दातांशेजारी यंत्राखाली ठेवायला हवेत."

मी हसून पुन्हा आ केला. 

माझ्या दातांचा साचा घेऊन झाला, पण साच्यात बारीक ओरखडे सगळे उतरत नाहीत, आणि दात आतून बघायचा तर तो कापावा लागतो. दात मिळाले नाहीत तर सरांच्या म्हणण्यापुढे हिचं म्हणणं नुसतंच म्हणणं राहणार. म्हणून एका दुपारी जेवताना तिने सरळ विचारलं, "आजी, तू गेल्यावर तुझे पुढचे दोन दात मला मिळतील?"

सुनेच्या हातातली पळी तिथेच थांबली. मी "हो" म्हणणार, तेवढ्यात थोरला ताटावरून उठला. "माझ्या आईला कुणी हात लावायचा नाही," म्हणाला. "पुन्हा हे घरात काढलंस तर बघ."

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. ती तिकडे कपारीजवळ खोली घेऊन राहते, घरी येत नाही. "तिला सांग," "बाबांना सांग," आणि मधे मी, पोस्टाची पेटी.

थोरला खाष्ट नाही. त्याचे वडील गेले तेव्हा इस्पितळवाल्यांनी तपासणीसाठी त्यांना फाडलं होतं. ओळख पटवायला आत गेला तो हा एकटाच. त्याने टाके बघितले. शिवणाऱ्या घरातला मुलगा, दाभण हातात धरून वाढलेला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आई, पोत्याला पण असं शिवत नाहीत." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि आम्हीही विचारला नाही. नातीला यातलं काही माहीत नव्हतं.

मी गेल्यावर हे दोघं माझ्या उशाशी उभे राहून भांडणार, हे मला दिसत होतं. तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. ते दोन्ही दात हलतच होते.

"आजी, किती दिवस सांगतोय, काढून टाका. आज कसं काय मनावर घेतलं?"

"वारस भांडतायत."

"दातांवरून?"

"तुमच्याकडे घरावरून भांडतात वाटतं? साधी माणसं."

काढले त्यांनी. आता माझ्या देहाला कुणी सुरी लावायचा प्रश्नच नाही. दात माझ्या बटणांच्या डबीत आहेत. सदर दोन दात मी माझ्या थोरल्या मुलाला देते. नातीला नाही, मुलाला. त्याने ते स्वतःच्या हाताने स्वतःच्या मुलीच्या हातात द्यावेत. बायकोमार्फत नाही, पोस्टाने नाही. आणि देताना टाक्यांचं काय ते तिला सांगावं. द्यायचे नसतील तर डबी उघडी करून दुकानाच्या गल्ल्यावर ठेवावी आणि "हे काय?" म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सविस्तर उत्तर द्यावं.

इथपर्यंत लिहून झालं तोच थोरला आत आला. वकीलबाई म्हणतात, जे घडलं ते लिहायला हरकत नाही, म्हणून लिहिते.

"आई, तोंड असं का दिसतंय तुझं? दात कुठे गेले?"

"डबीत. आणि ते तुझे आहेत. हे घे, वाच."

तो ओठ हलवत वाचतो, बापासारखा. टाक्यांची ओळ त्याने दोनदा वाचली. मग म्हणाला, "मला आधी विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग?"

डबी उघडून एक दात त्याने खिडकीपाशी नेला. खाचेवरून नख फिरवलं. आणि मला दिसलं, त्याची जीभ त्याच्याच पुढच्या दातांमागे चाचपत होती.

"आ कर."

"आई, काहीतरीच काय!"

"आ कर म्हणते ना."

खाच होती. लहान होती, पण त्याच जागी होती.

"अरे, तुझ्या गळ्यात कायम कात्री लोंबत असते! तुझी कुणी अडवली होती?"

"कुणी नाही." तो स्वतःच चक्रावला होता. "तू असाच तोडायचीस दोरा. मी समोर बसलेला असायचो. मला वाटायचं, असाच तोडतात."

म्हणजे माझी हकिगतही अर्धीच निघाली. जाऊबाईंनी कात्री अडवली ती माझी. याच्या दातावर जाऊबाई नाहीत, मीच आहे. आणि कपारीतल्या बाईची कुणी अडवली होती, का तीही कुणाच्या समोर बसायची, देव जाणे. नातीला या खाचेपायी म्हातारपण येणार.

"हे तिला सांगायला हवं," थोरला म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, आणि मी "सांगते" म्हणायच्या आत फोन घेऊन दुकानात गेला. ताडपत्र्यांच्या गुंडाळ्यांमागून आवाज आला.

"हॅलो. मी बोलतोय. बाबा... नाही नाही, आजी बरी आहे. आजीला काय धाड भरलीय. ... ऐक, आधी ऐक. माझ्या दातावर पण आहे."

त्यापुढचं सगळं मी ऐकलं. ते मृत्युपत्रात येत नाही.

परत आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, ताडपत्रीची धूळ. "रविवारी येतेय ती. आणि माझेही लिहून ठेव, आई. पुढे कधी लागले तर."

"तुझे तू लिही. तुझ्या तोंडात आहेत."

सबब कलम ५ मधील अटींची पूर्तता माझ्या हयातीतच होत असल्याने सदर अटी रद्द करण्यात येत आहेत. रविवारी दात तिचे. यंत्राखाली ठेवावेत, कापावेत, काय करायचं ते करावं. शेजारी हकिगत लिहिताना जाऊबाईंचं नाव घालू नये, त्या खूश होतील.

कलम ६. माझ्या राहिलेल्या दातांना आणि बाकीच्या देहाला कुणीही, कितीही शिकलेलं असलं तरी, हात लावू नये. मी आहे तशी, आख्खी जाईन. हे थोरल्यासाठी लिहिते. त्याने मागितलेलं नाही.

वरील मजकूर मीच लिहिला आणि साक्षीदारांसमोर मीच मोठ्याने वाचून दाखवला. पुढचे दोन दात नसल्यामुळे काही शब्दांतून हवा गेली, अर्थ गेलेला नाही.

सही (माझी, वाकडी)

साक्षीदार पहिले, दातांचे डॉक्टर: यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीबद्दल शंका नाही. भूल दिल्यावरही मला फीबद्दल ऐकवत होत्या. सही.

साक्षीदार दुसऱ्या, शेजारच्या निवृत्त शिक्षिका: यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखन मी तपासले. कलम ४ मधला सूर बदलावा असे सुचवले होते, त्यांनी नकार दिला. सही.

(साक्षीदारांना काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. दोघांना चहा पाजला आहे.)

स्थळ: दुकानामागची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: दात काढल्यानंतरचा पहिला शुक्रवार. आकड्यातली तारीख वकीलबाई शिक्क्याबरोबर घालतील. रविवारच्या आत घाला म्हणावं, त्या दिवशी मला वेळ नाही.