योबुसावाचा फलाट

११ नोव्हेंबर
आलो एकदाचे! ओसाकाच्या गर्दीतून सुटून समुद्राकाठच्या या बर्फाळ गावात. एका डब्याची डिझेल गाडी, गार्ड नाही. गाडी हाकणारा मी, दार उघडणारा मी, तिकीट घेणाराही मीच. सायो म्हणाली, चला, इथे तरी तुमचं कुणीतरी ऐकतंय! बायकोच ती, बोलणारच.

आमची लेक सुझुना माझ्याच गाडीने शाळेला जाणार. पहिलीत आहे, नुकतंच वाचायला लागलंय पोर, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचते. दुकानांच्या पाट्या, सोया सॉसची बाटली, माझ्या कोटाच्या खिशातली ही रोजनिशीसुद्धा. मनातल्या मनात वाच म्हटलं, तर म्हणे मग ऐकू कसं येणार?

आमच्या कामाची सवयही तिने उचलली आहे. प्रत्येक गोष्टीवर बोट रोखायचं आणि खणखणीत म्हणायचं: सिग्नल ठीक! दार ठीक! चढउतार ठीक! मग गाडी सोडायची. आज सकाळी माझा पांढरा हातमोजा घालून ती ओरडत होती, गॅस ठीक! बाबांचा डबा ठीक! हसून हसून पुरेवाट झाली.

१९ नोव्हेंबर
बोगद्याच्या अलीकडे योबुसावा नावाचं बंद पडलेलं स्थानक आहे. वस्ती उठून जमाना झाला, नुसता फलाट आणि एक बाक उरलाय. इथले जुने चालक नुमाजिरी-सान पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ओसाकाकर, तिथून जाताना बोट खाली आणि तोंड बंद. मला वाटलं, नवख्याची फिरकी घेताहेत.

आज रुळावर हरीण आलं म्हणून गाडी थांबवली, ती नेमकी त्या फलाटाशी. हरीण गेलं. हात सवयीने वर झाला आणि मी म्हणून गेलो, चढउतार ठीक!

जेवताना नुमाजिरी-सानना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. कोण चढलं, विचारलं. म्हटलं, कुणीच नाही हो. तर म्हणाले, मग ठीक कशाला म्हणालास मूर्खा?

२७ नोव्हेंबर
प्रवासी चढताना मागच्या दाराशी यंत्रातून त्या स्थानकाच्या नंबराची चिठ्ठी घेतात. माझ्या डोक्यावरच्या फलकावर रोज एक नंबर उजळतो, जो कुठल्याच चालू स्थानकाचा नाही. मागची एक जागा ओली असते. आणि योबुसावा जवळ आलं की उतरण्याची घंटा वाजते. डबा रिकामा असला तरी.

आज तिथे थांबलो, दार उघडलं, हात जोडले. बाई, बाप्या, जे कुणी असाल ते, उतरा. कुणी उतरलं नाही.

घरी सुझुनाने सांगितलं की गाडीच्या मागच्या दाराशी एक मावशी उभी असते. केस ओले. तिने विचारलं, तुझे बाबा तुला कुठे उतरवणार?



१ डिसेंबर
नुमाजिरी-सानच्या पाया पडलो. ते म्हणाले, ती उतरायला चढलेलीच नाही. तू चढउतार म्हणालास ना? चढ झाला. उतार राहिलाय. तो आपल्या घरातलं कुणीतरी उतरून फेडतं. मग त्यांनीही एकदा असंच ठीक म्हटलं होतं, हे सांगितलं. त्यांची बायको त्या फलाटावर उतरली होती. ती दारापर्यंत परत आली होती, पण त्यांच्या तोंडून सवयीने दुसऱ्यांदा ठीक गेलं आणि ती कायमची तिथेच राहिली.

तिथे कुणी उतरलं तर तोंड शिवून घे, म्हणाले. ठीक म्हणेपर्यंत सगळं माघारी फिरवता येतं.

४ डिसेंबर
सुझुनाला गाडीत घेणार नाही. सायोला सांगितलं, मोटारीने ने-आण कर. ती म्हणाली, तिकडे गोंगाटाने आजारी पडलात, इकडे शांततेने. म्हण बाई, काय म्हणायचं ते म्हण. पोर वाचू दे.

बदली मागितली. दोनच चालक आहेत म्हणतात.

६ डिसेंबर
बर्फ. सायोची मोटार अडकली. वर्गाच्या बाईंनी सुझुनाला शाळेजवळून माझ्याच गाडीत बसवलं — मागच्या दाराने — मी पुढची काच पुसत होतो, पाहिलं नाही —

घंटा वाजली. ब्रेक मी लावला नाही. दार मी उघडलं नाही.

सुझुना फलाटावर होती. हातात चिठ्ठी. मावशीने उतर म्हटलं, म्हणाली.

धावलो. उचलली. आत ठेवली. माझा पाय आत पडणार तोच दार —

आता मी फलाटावर. ती आत. तिच्यामागे ओले केस. सुझुना माझ्या जागेपाशी उभी आहे, माझा हातमोजा घातलाय, मला मदत करायचीय तिला — बोट वर —

काच जाड. ओरडून घसा फाटला. ऐकू जात नाही. अजून म्हणाली नाहीये. अजून माघारी फिरवता येईल. लिहून दाखवतो, मोठ्या अक्षरांत, तिला वाचता येतं —

सुझुना
चढउतार ठीक
असं म्हणू नको

धरलं काचेला. पाहिलं तिने. हसली. बोट अक्षरांवर —

वाचतेय. देवा, मोठ्याने वाचतेय. ओठ हलताहेत. चढ —

खोडतोय, शाई फिसकटली, नको बाळा, मनात वाच, मना