तयार घर

३ नोव्हेंबर
काल हावड्याला उतरलो आणि आज माझ्या हातात स्वतःच्या खोलीची किल्ली आहे! उन्मेषदादा, माझा मावसभाऊ, इथे इंजिनिअर आहे. त्याने मला खिदिरपूरजवळच्या नव्या कर्मचारी वसाहतीत रखवालदार म्हणून लावून घेतलं. ही इमारत बांधलेली नाही, रचलेली आहे. कारखान्यातून अख्ख्या खोल्या ट्रेलरवर येतात, फरशी-खिडक्यांसकट, आणि क्रेन त्या एकावर एक ठेवते. तळमजल्याची खोली मला मिळाली. भुसावळला भाड्याच्या घरात आईला खिळा ठोकायचीसुद्धा चोरी होती. तिला आजच फोन करून बोलावलं.

८ नोव्हेंबर
आई आली. भिंतींवरून हात फिरवला, खिडकी उघडमीट करून बघितली, मग ओट्याशी उभी राहून रडली. दादा जेवायला होता. भिंतीला काही ठोकू नका, इथे सगळा भार भिंतीच घेतात, असं त्याने बजावलं. तो गेल्यावर आई म्हणाली, "आपल्या घरात देवाची तसबीर काय जमिनीवर ठेवायची?" कोपऱ्यात, जिथे शेजारच्या खोलीशी सांधा येतो, तिथे तिने खिळा धरला. एकाच ठोक्यात तो आत गेला. डोक्यासकट गेला. खाली पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

९ नोव्हेंबर
भोकातून वारा येतो. रस्त्यावरून कंटेनर गेला की वारा आत ओढला जातो, मग पुन्हा बाहेर. कापडाचा बोळा लावला. तोही आत गेला.
सुमनदा गवंड्याला विचारलं. तो हसत हिंदीत म्हणाला, सांध्यात सिमेंट भरायचं यंत्र बंद पडलं होतं, मागे ट्रेलर खोळंबलेले, म्हणून बाहेरून नुसता गिलावा मारला. "अंदर कौन देखता है?" मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं.

१२ नोव्हेंबर
दादाला सांगितलं. तो म्हणाला, "नववी नापास तू, मला बांधकाम शिकवतोस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, रविवारी लोकांना ताबा द्यायचाय, कुठे बोलू नकोस.
आईला म्हटलं, परत जाऊ. ती म्हणाली, घरं बदलून बदलून माझ्या पितळी डब्यांना पोचे पडले, आता मी हलणार नाही.

१६ नोव्हेंबर
वरची घरं भरली. दिवसभर कपाटं, पलंग चढत होते. पाणी अजून टँकरचंच. आमचं दार चौकटीला घासतं. भोकापासून चीर निघाली आहे. वर सगळे खिळे ठोकताहेत. दारोदार जाऊन विनवलं. चहा पाजून परत पाठवलं.

१७ नोव्हेंबर
चिरेत आता हात जातो. आत गार. काहीतरी बोटांना लागलं आणि सरकलं. खडी असेल. खडीच असेल.

१८ नोव्हेंबर
दार उघडत नाही. खिडकीला गज. दादा बाहेरून ओरडतोय — काही तोडू नका, हलू नका, क्रेन येतेय. त्याचा आवाज रडवेला.
वही मांडीवर घेऊन लिहितोय.
वरची टाकी आज पहिल्यांदा भरताहेत. पंप चालू आहे. मी ओरडतोय, दादा ओरडतोय, पंप बंद करा — कोणी ऐकत—
आई हसतेय. म्हणते, केयूर, उगाच घाबरतोस, बघ, चीर मिटली.
खरंच मिटली. वरपासून खालपर्यंत. म्हणजे वरचं सगळं आता आमच्या—